पाखरांची खतावणी: डॉ. सलीम अली आणि भरतपूरचं पाणी

दसरा झाला, पाऊस माघारी गेला आणि रात्री गार वाटू लागल्या की धरणांच्या पाण्यावर पाहुणे उतरू लागतात. घटप्रभेवरचं हिडकल असो, गोव्यातलं करमळीचं तळं असो, पैठणचा नाथसागर असो, बडोद्याजवळचा वढवाणा तलाव असो की इंदूरचं सिरपूर, चित्र थोड्याफार फरकानं सारखंच. कालपर्यंत मोकळं दिसणारं पाणी सकाळी ठिपक्याठिपक्यांनी भरलेलं असतं. पसरट चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचं तलवार बदक, केशरी-विटकरी रंगाचा चक्रवाक, आणि नशिबात असेल तर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब. हा शेवटचा पाहुणा तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो.

आज ही माहिती शाळेतल्या पोरांनाही असते. शंभर वर्षांपूर्वी मात्र कुठले पक्षी कुठे उतरतात, कधी येतात, कधी परततात याची धड नोंद आपल्याकडे नव्हती. होती ती बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांनी नोकरी सांभाळून, शिकारीच्या नादात करून ठेवलेली. मोठमोठ्या संस्थानांची पानं तर त्यात बरीचशी कोरीच होती.

ही कोरी पानं भरण्यात ज्यांनी आयुष्य घातलं त्या डॉ. सलीम अलींची जयंती १२ नोव्हेंबरला असते. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. सलीम अलींचं नाव सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण त्यांचं काम कसं उभं राहिलं, त्यांच्या लाडक्या पाणथळीवरून किती भांडणं झाली आणि त्यांच्या स्वतःच्या एका मताचं पुढे काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही.

खेतवाडीतला पोरका मुलगा

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १८९६ सालचा, मुंबईचा. घराणं सुलेमानी बोहरा. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई झीनत-उन-निसाही गेली. भावंडांत सगळ्यात धाकटे. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी या पोरांना वाढवलं. याच तय्यबजी घराण्यातले अब्बास तय्यबजी बडोदा संस्थानचे सरन्यायाधीश होते आणि पुढे गांधीजींच्या बरोबरीनं स्वातंत्र्यलढ्यात उतरले. बडोद्याच्या वाचकांना हे नाव नवं नाही.

अमीरुद्दीन मामा शिकारीचे शौकीन. भाच्याला त्यांनी छऱ्याची बंदूक दिली. त्या काळच्या सुखवस्तू घरातल्या पोरांप्रमाणे सलीमही चिमण्या टिपत फिरायचा. एक दिवस खाली पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. नेहमीच्या घरचिमणीला असा डाग नसतो. मामाला विचारलं, मामालाही सांगता येईना. मामानं चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडलं.

गोऱ्या साहेबाच्या कचेरीत एकट्यानं जायचं म्हणजे दहा-बारा वर्षांच्या पोराला धडकीच भरणार. पण मिलार्डसाहेबांनी त्याला हाकललं नाही. ही पिवळ्या कंठाची रानचिमणी, असं सांगितलं. कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले नाना तऱ्हेचे पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकंही दिली. पक्षी नुसता मारायचा नसतो, त्याचं नाव, जागा, तारीख लिहून ठेवायची असते, हे पोराच्या डोक्यात तिथे शिरलं. सलीम अलींनी ऐंशी पार केल्यावर आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावही चिमणीच्या पडण्यावरूनच ठेवलं.

सकाळी हिशेब, मग प्राणिशास्त्र

अभ्यासात सलीमची गती बेताचीच. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखी जडली, त्यामुळे हवापालटाला सिंधमध्ये नातेवाइकांकडे काही काळ ठेवलं. शाळा वारंवार बुडाली. १९१३ मध्ये मॅट्रिक कसंबसं पदरात पडलं. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण गणित पेलेना. शेवटी ब्रह्मदेशातल्या तव्हॉय भागात घरच्यांचा वुल्फ्रमच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता तिकडे रवाना केलं. धंद्यात मन लागलं नाही. आजूबाजूचं घनदाट रान मात्र मनात भरलं.

१९१७ मध्ये मुंबईला परत आल्यावर घरच्यांनी व्यवहारी वाट दाखवली. दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा आणि जमाखर्च शिकायचा. सलीम अली सकाळी तिथे बसत. सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर हे वनस्पतींचे मोठे जाणकार. या मुलाचा जीव कुठे आहे हे त्यांनी ओळखलं आणि प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसायला लावलं. सकाळी नावे-जमा आणि त्यानंतर पक्ष्यांची हाडं-पिसं, असा तो क्रम होता. विद्यापीठाची पदवी त्यांना शेवटपर्यंत परीक्षा देऊन मिळाली नाही. पुढे मानद डॉक्टरेट मिळाल्या, पण तोवर केस पांढरे झाले होते.

१९१८ च्या डिसेंबरात तेहमीना बेगम यांच्याशी लग्न झालं. ब्रह्मदेशातला धंदा पुढे चालला नाही. नोकरी शोधताना पदवी नसल्याचा फटका बसला. झूलॉजिकल सर्व्हेमधली पक्षीतज्ज्ञाची जागा त्यामुळेच हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नव्यानं उघडलेल्या निसर्ग विभागात गाईड लेक्चरर म्हणून लागले. पगार महिना ३५० रुपये. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काचेतले प्राणी समजावून सांगायचे, हे काम.

दोन वर्षांत त्यांना कळून चुकलं की आपल्याला येतंय ते अपुरं आहे. १९२८ मध्ये रजा काढून ते बर्लिनला गेले. तिथल्या संग्रहालयात प्रोफेसर श्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षीशास्त्राची शिस्त शिकून घेतली. हेलिगोलंड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांना सोडायचं काम चालत असे, तेही पाहिलं. त्या कडीचा भारतात मोठ्या प्रमाणावर उपयोग व्हायला अजून तीस वर्षं जायची होती.

नोकरी गेली, सुगरण सापडली

१९३० मध्ये परत येऊन बघतात तर म्युझियमनं पैशाअभावी जागाच बंद केलेली. घरखर्च भागेना म्हणून नवरा-बायकोनं मुंबई सोडली आणि अलिबागजवळ किहीमला घरच्यांच्या बंगलीत मुक्काम हलवला. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. सलीम अलींना मात्र तिथे सुगरणींची वसाहत दिसली, आणि रोज तासन् तास तिच्यासमोर बसून काय चाललंय ते टिपायला त्यांनी सुरुवात केली.

सुगरणीचं घरटं मादी विणते असा लोकांचा समज. आपल्या बोलण्यातही शाबासकी सुगरणीलाच मिळते. सलीम अलींनी पाहिलं ते उलटंच होतं. विणकाम नराचं. नर घरटं अर्धवट विणतो आणि मादीची वाट पाहतो. माद्या येऊन घरटी तपासतात, पसंत पडलं तर आत बसतात. मग नर ते पुरं करतो, मादी अंडी घालते, आणि हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हा सगळा संसार त्यांनी १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. त्या एका लेखानं जाणकारांत त्यांचं नाव झालं. म्युझियमची नोकरी टिकली असती तर हा अभ्यास झाला असता का, सांगता येत नाही.

संस्थानोसंस्थानी तंबू

पोटापाण्याचा प्रश्न सुटला नव्हता. त्यावर सोसायटी आणि सलीम अली यांनी मिळून एक मार्ग काढला. संस्थानिकांनी फक्त तंबू, प्रवास, माणसं आणि रसदेचा खर्च उचलायचा. सलीम अली आपल्या कामाचा मोबदला घेणार नाहीत. बदल्यात संस्थानाला आपल्या मुलुखातल्या पक्ष्यांची पहिली शास्त्रशुद्ध यादी मिळेल.

पहिलं मोठं काम १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानात झालं. तेव्हाचं निजामी राज्य म्हणजे तेलंगण, आपला मराठवाडा आणि आजच्या कर्नाटकातले गुलबर्गा, बीदर, रायचूर. आज तीन राज्यांत वाटलेला हा मुलूख त्यांनी एकाच वहीत लिहिला. नंतर त्रावणकोर-कोचीन. तिसाव्या दशकाच्या अखेरीस ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ हा मध्य भारत. त्यानंतर म्हैसूर. चाळीसच्या दशकात कच्छ आणि गुजरात. बैलगाडी, घोडा, उंट, मोटार, जे मिळेल ते वाहन घ्यायचं आणि मुक्काम हलवत राहायचं.

काम रोजचं आणि कंटाळवाणं. पहाटे निघायचं, पक्षी बघायचे, काही नमुने बंदुकीनं मिळवायचे. दुपारी कातडी सोलून, पेंढा भरून, चिठ्ठी बांधायची. गाव, तारीख, नर की मादी, पंखाची लांबी, पोटात काय सापडलं, वीण जवळ आली आहे का. संध्याकाळी सगळं वहीत. त्या काळी नमुना हातात घेतल्याशिवाय पक्षीशास्त्र पुढे सरकत नसे, आणि सलीम अलींनी बंदूक वापरल्याचं कधी लपवलं नाही. गरजेपुरतं टिपणं आणि मौजेसाठी शेकड्यांनी लोळवणं यात फरक आहे, एवढीच त्यांची भूमिका होती.

या सगळ्या भटकंतीत तेहमीना बेगम सोबत असत. विलायतेत शिकलेली बाई, पण तंबूतल्या चुलीपासून हिशेबापर्यंत सगळं बघायची. सलीम अलींचं इंग्रजी लिखाण सुबक झालं ते तिच्यामुळे, असं ते मानत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमीना गेल्या. मूलबाळ नव्हतं. सलीम अली नंतर बहीण कमू आणि मेहुण्यांच्या घरी राहिले. दुसरं लग्न केलं नाही. राहिलेली अठ्ठेचाळीस वर्षं पक्ष्यांना दिली.

या काळातली एक गोष्ट त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकते. ह्यू व्हिस्लर हे इंग्लंडमधले भारतीय पक्ष्यांचे मोठे अधिकारी. त्यांच्या लिखाणातल्या एका तपशिलात सलीम अलींनी चूक दाखवली. कोण कुठला हा हिंदी माणूस म्हणून व्हिस्लर रागावले, संपादकांना कडक पत्र गेलं. मग त्यांनी आपले नमुने पुन्हा तपासले आणि सलीम अली बरोबर आहेत हे मान्य केलं. पुढे दोघांची दोस्ती झाली, हैदराबादच्या अहवालात व्हिस्लरची टिपणंही आली. माणूस किती मोठा याला महत्त्व नाही, नमुना काय सांगतो ते बघायचं. ही कसोटी पुढे सलीम अलींच्या स्वतःच्या मतालाही लागायची होती.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. साध्या माणसाला हातात घेऊन रानात जाता येईल असं. नेहरूंनी १९४२ मध्ये त्याची प्रत इंदिरेला भेट दिली होती. ही ओळख पुढे देशातल्या अनेक पाणथळींच्या आणि रानांच्या कामी आली.

भरतपूर: बांधावरचं पाणी

राजस्थानात भरतपूरला लागून केवलादेव नावाचा सखल भाग आहे. जेमतेम २९ चौरस किलोमीटर. अठराव्या शतकात भरतपूरच्या जाट राजवटीत इथे अजान बांध घातला गेला. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पावसाळी पाणी त्यात अडतं. तिथून पाटानं केवलादेवात सोडलं की उथळ तळ्यांची रांग तयार होते. म्हणजे हे काही आयतं मिळालेलं सरोवर नाही. माणसानं बांधलं, माणसानं सोडलं तर पाणी, नाहीतर कोरडं रान.

आपल्या ओळखीच्या कितीतरी पाणथळींची जन्मकथा अशीच आहे. बडोदा संस्थाननं शेतीसाठी बांधलेला वढवाणा, होळकरांचे सिरपूर आणि यशवंत सागर, मुसीच्या पुरानंतर निजामानं बांधलेले उस्मान सागर आणि हिमायत सागर. बांधणाऱ्यांनी पक्ष्यांचा विचार केला नव्हता. पाणी साचलं, पाखरं आली. यातले वढवाणा, सिरपूर आणि यशवंत सागर आज रामसर यादीत आहेत.

भरतपूरच्या राजांना पाखरं हवी होती ती बंदुकीसाठी. हिवाळ्यात व्हाइसरॉय आणि बड्या पाहुण्यांसाठी बदकांची शिकार भरायची. केवलादेवाच्या मंदिराजवळ दगडावर त्या शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. त्यातला सगळ्यात मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी ३९ बंदुका लागल्या आणि एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. योगायोग असा की तो सलीम अलींचा ४२ वा वाढदिवस होता.

स्वातंत्र्य आलं आणि प्रश्न बदलला. संस्थान गेलं, शिकारखाना कशाला ठेवायचा? आसपासच्या शेतकऱ्यांची मागणी होती की तळी काढून टाका, जमीन वाटा, अजान बांधाचं पाणी शेताला द्या. मागणी चुकीची म्हणता येणार नाही. पिढ्यान्पिढ्या राजाच्या करमणुकीसाठी राखलेलं पाणी त्यांना आता आपल्या पिकाला हवं होतं. सलीम अलींनी हा विषय थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत नेला. हजारो मैलांवरून येणारी पाखरं उतरतील अशी जागा उत्तर भारतात दुसरी राहिली नाही, हे पटवलं. तळी वाचली. १९५६ मध्ये पक्षी अभयारण्य झालं. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालूच राहिला. राजाच्या बंदुकीला सोळा वर्षं सवलत आणि शेतकऱ्याला पाणी नाही, ही बोच गावांत राहिली ती राहिलीच.

पायातली कडी

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापानं आजारी पडली. हाच माकडताप. सत्तरी आणि दोडामार्गच्या लोकांनी तो अलीकडच्या वर्षांत जवळून पाहिला आहे. रोगाचा विषाणू रशियातल्या गोचीडतापाच्या विषाणूशी नात्यातला निघाला. मग शंका आली की सायबेरियाकडून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडांबरोबर रोग आणतात की काय.

या शंकेपायी जागतिक आरोग्य संघटनेनं पैसे दिले आणि सलीम अलींना जे तीस वर्षं करायचं होतं ते १९५९ पासून सुरू झालं. सोसायटीनं पक्ष्यांना कडी घालायला घेतली. भरतपूर हे त्याचं मुख्य ठिकाण. पक्षी पकडायला बिहारातले मीर शिकारी बोलावले. पिढीजात पारधी, जिवंत पाखराला इजा न करता धरण्यात तरबेज. कालपर्यंत बाजारासाठी पकडणारे हात आता पक्षी पकडून, कडी घालून, परत सोडू लागले.

कडी ॲल्युमिनियमची, हलकी. तिच्यावर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा एवढी सूचना. मग वाट बघायची. कुठेतरी मध्य आशियात, सायबेरियात एखादा शिकारी बदक मारणार, त्याला कडी दिसणार, तो पत्र टाकणार. अशी पत्रं येत गेली आणि भरतपूरच्या तळ्यातून निघालेल्या रेघा नकाशावर सोव्हिएत मुलखापर्यंत पोचल्या. पक्षी कुठून येतात हे आता अंदाजानं सांगायची गरज उरली नाही. माकडताप पाखरांनी आणला याचा पुरावा मात्र मिळाला नाही. पुढे अमेरिकी लष्कराशी संबंधित निधी आल्यामुळे संशयाचं वादळ उठलं, संसदेपर्यंत गेलं. सलीम अलींना त्याचा मनस्ताप झाला, पण वह्या सगळ्यांना तपासायला खुल्या होत्या.

दरम्यान अमेरिकी शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासोबत भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ पर्यंत पुरा झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, त्याच सुमारास गेटी पारितोषिकाचे ५० हजार डॉलर. ते पैसे त्यांनी सोसायटीच्या निसर्गरक्षण निधीला देऊन टाकले. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. मोटारसायकलचं वेड तर एवढं की १९५० मध्ये स्वीडनच्या पक्षी परिषदेला जाताना आपली सनबीम गाडी बोटीनं युरोपात नेली होती. त्यांची शिस्त कडक, बोलणं फटकळ. वेळ पाळली नाही की सुटका नाही.

म्हशी आणि गवत

आता त्यांच्या मताची गोष्ट. केवलादेवात आसपासच्या गावांच्या म्हशी शेकड्यांनी चरायच्या. पाण्यात शिरायच्या, गवत खायच्या, पाणवनस्पती तुडवायच्या. या जनावरांमुळे पाणथळीची नासाडी होते, चराई थांबली पाहिजे, असं सलीम अलींचं आणि त्या वेळच्या बहुतेक तज्ज्ञांचं ठाम मत होतं. १९८१ मध्ये केवलादेव रामसर यादीत गेलं, पाठोपाठ राष्ट्रीय उद्यान झालं आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई एकदम बंद केली गेली. गावकऱ्यांना दुसरं कुरण दिलं नव्हतं. लोक जनावरं घेऊन आले, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला. त्यात गावकऱ्यांचे जीव गेले. पाखरांसाठी राखलेल्या जागेवर माणसं मेली, हे भरतपूर आजही विसरलेलं नाही.

आणि पक्ष्यांचं काय झालं? सोसायटीनं ऐंशीच्या दशकात केवलादेवाचा दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला होता. सलीम अलींचाच त्यामागे जोर. पाण्याची खोली, गवत, मासे, बदकं, सगळं मोजलं जात होतं. बंदीनंतर एक पाणगवत बेसुमार वाढलं. जे म्हशी खात होत्या तेच. मोकळं पाणी झाकलं गेलं, मासे घटले, बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली. अभ्यासाचा निष्कर्ष निघाला की म्हशी या पाणथळीच्या जगण्याचा भाग होत्या, त्यांना सरसकट हाकलणं चूक होतं.

हा निष्कर्ष त्यांच्याच संस्थेनं, त्यांच्याच शिस्तीत शिकलेल्या माणसांनी काढला. गुरूच्या मताविरुद्ध जातो म्हणून दडपला नाही. अंतिम अहवाल आला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. २० जून १९८७ रोजी मुंबईत कर्करोगानं त्यांचं निधन झालं. वय ९०. पण मत एका बाजूला आणि मोजणी एका बाजूला ठेवायची ही सवय त्यांनीच लावली होती. व्हिस्लरला लावलेली कसोटी त्यांच्या नावालाही लागली, आणि ते योग्यच झालं. पुढे उद्यानाच्या लोकांनी गावकऱ्यांना गवत कापून न्यायला वाट दिली, माजलेली विलायती बाभूळ काढायच्या कामातही गावांना घेतलं.

वही पुढे चालू

सगळं वाचलं असं मात्र नाही. साठच्या दशकात भरतपूरला सुमारे २०० सायबेरियन क्रौंच हिवाळ्याला येत. पांढरेशुभ्र, लाल चेहऱ्याचे. वाटेत अफगाणिस्तान आणि आसपासच्या मुलखात शिकार होत गेली, संख्या उतरत गेली. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर कुणी आलं नाही.

पाण्याचं भांडणही मिटलेलं नाही. गंभीर नदीवर वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं. २००४ च्या सुमारास वरच्या शेतकऱ्यांनी पाणी खाली सोडायला विरोध केला, त्या वर्षी केवलादेव कोरडं पडलं. शेवटी गोवर्धन नाल्यातून नळानं पाणी आणायची सोय करावी लागली. वरच्यांचं पाणी की खालच्यांचं, हा वाद सीमाभागातल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही. कृष्णा, घटप्रभा, म्हादई, सगळीकडे तो आहे. या वादात पाखरांच्या बाजूनं बोलणारा कुणी नसतो, आणि त्यांचं मत मतपेटीत पडत नाही.

सलीम अलींचं नाव आता ठिकठिकाणी आहे. गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटावर १९८८ मध्ये झालेलं छोटं पक्षी अभयारण्य त्यांच्या नावाचं. छत्रपती संभाजीनगरातलं सलीम अली सरोवर त्यांच्या नावाचं. कोइमतूरची संशोधन संस्थाही. नावाची पाटी लावली म्हणून पाणी राहत नाही, हे या ठिकाणी जाणाऱ्यांना दिसतंच.

त्यांच्या कामाचं खरं स्मारक वहीत आहे. ज्या वर्षी ते गेले त्याच १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली. हौशी माणसं दुर्बीण आणि वही घेऊन तलावावर जातात, मोजतात, आकडे पाठवतात. गदग जिल्ह्यातल्या मागडीच्या तळ्यावर पट्टकदंब हजारांनी उतरतात हे जगाला कळलं ते वर्षानुवर्षांच्या अशा मोजणीमुळेच. ते तळंही २०२४ मध्ये रामसर यादीत गेलं. उद्या एखाद्या तलावात भराव टाकायचा प्रस्ताव आला, किंवा वरून पाणी तोडलं, तर इथे पक्षी येत होते हे तोंडी सांगून कुणी ऐकणार नाही. कुठल्या साली, कुठल्या तारखेला, किती, हे लिहिलेलं असेल तरच बोलता येतं.

दुर्बीण महाग वाटली तर ती नंतर घेता येते. वही आणि पेन्सिल पुरेशी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आपल्या गावाजवळच्या एकाच पाण्यावर, महिन्यातून एक सकाळ. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, ओळखू आलेले पक्षी आणि त्यांची संख्या. ओळखू न आलेल्यांचं वर्णन. पदवी नसलेल्या, नोकरी गेलेल्या माणसानं एवढ्यावरच सुरुवात केली होती, आणि त्याच्या वहीत हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, म्हैसूर, गुजरात शेजारी शेजारी बसले. सरहद्दी नंतर आखल्या गेल्या. पाखरांनी आपला रस्ता बदललेला नाही.